उताऱ्यात लिहिलंय का?

पहिल्या सराव पेपरात मला ४० पैकी १९ पडले. परदेशी शिकायला जाण्यासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या ॲकॅडमिक रीडिंगमध्ये, एवढ्याला बँड, म्हणजे श्रेणी, साधारण साडेपाच धरतात. २३ ला सहा, ३० ला सात, ३५ ला आठ, असा अंदाजाचा तक्ता क्लासच्या भिंतीवर चिकटवलेला होता. मला ज्या विद्यापीठात एम.एस्सी.ला अर्ज करायचा होता त्यांची अट होती, एकूण साडेसहा आणि ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं या चारांतल्या एकाही विभागात सहाच्या खाली नको. म्हणजे सहा गाठायला चार उत्तरं कमी पडत होती. चारच तर आहेत, असं म्हणत मी त्या दिवशी मिसळ खायला गेले. पुढचे तीन महिने त्या चारांच्या मागे गेले.

मी करमाळा तालुक्यातली. शाळा जिल्हा परिषदेची, पुढे गावातलंच हायस्कूल. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं आणि आमची बॅच त्याच्या नंतरची, त्यामुळे कागदोपत्री माझं इंग्रजी पहिलीपासूनचं. दहावीपर्यंत ‘उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ या प्रश्नात माझे गुण कधी गेले नाहीत. पद्धत ठरलेली होती. म्हातारा कुठे राहायचा असं विचारलं असेल, तर उताऱ्यात ‘ओल्ड मॅन’ आणि ‘लिव्ह्ड’ हे शब्द शोधायचे आणि ते अख्खं वाक्य खाली उतरवून काढायचं. अर्थ कळायची गरजच नसायची. पुढे बी.एस्सी. ॲग्रीची चार वर्षं सगळं इंग्रजीतच, जर्नल, प्रॅक्टिकल, प्रेझेंटेशन. त्यामुळे वाचनाची भीती नव्हती. भीती होती बोलण्याची. समोर बसलेल्या परीक्षकापुढे तोंड उघडणार नाही, असं वाटायचं. (बोलण्याने मला काडीचाही त्रास दिला नाही, पण ते वेगळं.)

परीक्षेचं रूप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तीन लांबलचक उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. उतारे मासिकांत, पुस्तकांत येतात तसे, पुरातत्त्वापासून मधमाशांपर्यंत कशावरही. त्यात एक प्रकार असतो, ज्याचं नाव काढलं की क्लासमधली पोरं कपाळाला हात लावायची. खाली एक विधान दिलेलं असतं. ते उताऱ्याशी जुळत असेल तर ‘ट्रू’, उताऱ्याच्या उलट असेल तर ‘फॉल्स’, आणि उतारा त्याबद्दल काही बोलतच नसेल तर ‘नॉट गिव्हन’. खरं आणि खोटं आपण जन्मापासून ओळखतो. हा तिसरा पाहुणा मात्र शाळेत कधी भेटला नव्हता.

माझी पहिली चूक मला अजून शब्दशः आठवते, कारण त्यावर मी भांडले होते. उतारा नांगरटीवर होता. मी मनात म्हटलं, आली आपली वेळ. उताऱ्यात सांगितलं होतं की काही शेतकऱ्यांनी नांगरट सोडली, कारण त्यांचा डिझेलचा खर्च वाचत होता. खाली विधान होतं की नांगरट न केल्याने जमिनीची धूप कमी होते. मी डोळे झाकून ‘ट्रू’ केलं. मृदसंधारणाचा पेपर दिलेली मुलगी आणखी काय करणार? उत्तर होतं ‘नॉट गिव्हन’.

“सर, हे खरं आहे. आम्हाला अभ्यासाला होतं,” मी म्हटलं.

“असेल की,” सर म्हणाले. “उताऱ्यात लिहिलंय का?”

मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. वाटलं, कसली ही परीक्षा, खरं उत्तर लिहिलं तर गुण न देणारी. सरांनी त्यापुढे फार समजावलंही नाही. आमच्या क्लासचा भर युक्त्यांवर होता: आधी प्रश्न वाचा, उतारा वाचूच नका, कीवर्डखाली रेघ मारा, परिच्छेदाची पहिली आणि शेवटची ओळ बघा. फी भरली होती म्हणून मी ते सगळं केलं. गुण झाले २२, मग २४, मग पुन्हा २४.

मे महिन्यात चार दिवस गावी गेले. अप्पा बळवंत चौकातून घेतलेली जुन्या प्रश्नपत्रिकांची दोन पुस्तकं बरोबर होती. पडवीत पुस्तक घेऊन बसले होते आणि पलीकडे माझे वडील, अण्णा, सातबारा घेऊन बसले होते. आमच्या गटाच्या उताऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवलेला होता. अण्णांनी कर्ज फेडलं होतं, बेबाकीचा दाखलाही घरात होता, पण बोजा कमी करण्याचा फेरफार व्हायचा राहिला होता. त्यामुळे उताऱ्यावर बोजा तसाच. नवीन कर्जाला गेले की पुढचा माणूस बोट ठेवायचा तिथेच.

“पण अण्णा, तुम्ही तर फेडलंय,” मी म्हटलं.

“म्या फेडलंय. पर उताऱ्यात हाय म्हंजी हाय. त्ये काय माझं त्वांड बघून कर्ज देत न्हाईत, उतारा बघून देत्यात.”

मी पुस्तक खाली ठेवलं. उतारा! इतकी वर्षं हा एकच शब्द मी दोन ठिकाणी वापरत होते, एक शाळेतला आणि एक तलाठ्याकडचा, आणि कधी एकत्र आणले नव्हते. मग मी अण्णांचीच परीक्षा घेतली. सातबारा त्यांच्या हातात, विधानं माझी.

“आपली जमीन दोन एकर आहे.”

“० हेक्टर ८० आर लिव्हलंय. चाळीस आरचा एकर. बराबर.”

“सगळी जमीन लागवडीची आहे.”

“न्हाय. सहा आर पोटखराब दावलाय हितं. चूक.”

“आपल्या विहिरीला पाणी आहे.”

इथे मला वाटलं होतं अण्णा ‘बरोबर’ म्हणतील, कारण त्या विहिरीचंच पाणी आम्ही पीत होतो. त्यांनी कागद जवळ नेला, ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हीर हाय यवढंच लिव्हलंय. पाणी हाय का न्हाय ह्ये उताऱ्याला काय म्हाईत?”

अण्णा सातवी शिकलेले. ‘नॉट गिव्हन’ त्यांना अर्ध्या मिनिटात जमलं, जे मला दोन महिने जमत नव्हतं. कारण उताऱ्यातल्या एका शब्दाने काय होतं हे त्यांनी भोगलेलं होतं. आमच्या भावकीत एका ‘सामाईक’ या शब्दावरून दोन घरं पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. असा माणूस कागद वाचताना त्यात आपल्या मनचं काही घालत नाही.

पुण्याला परत आले ती एक वही करून. डाव्या बाजूला ‘उताऱ्यात काय लिहिलंय’, उजव्या बाजूला ‘मी काय धरलं’. प्रत्येक चुकलेलं उत्तर त्यात मराठीतून उतरवायचं. पंधरा दिवसांत वही भरत आली तेव्हा दिसलं की शब्द अडला म्हणून चुकलेली उत्तरं फार थोडी आहेत. बाकी सगळी माझ्या धरण्याची. उताऱ्यात ‘सुरुवातीच्यांपैकी एक’ लिहिलेलं, मी ‘पहिला’ धरलं. उताऱ्यात ‘बहुतेक’, विधानात ‘सगळे’, मी दोन्ही सारखं धरून ‘ट्रू’ केलं. ‘मे’, ‘टेंड टू’, ‘लार्जली’ हे शब्द माझ्या डोळ्यांना दिसतच नव्हते. आपण बोलतानाही ‘येईल बहुतेक’ म्हणतो तेव्हा समोरचा फक्त ‘येईल’ ऐकतो, तसंच काहीसं.

आता गुण वाढतील म्हणून मोठ्या आशेने पुढचा पेपर सोडवला. २१ आले. आधीपेक्षाही कमी!

झालं होतं असं, की अण्णांचा धडा मी जरा जास्तच मनावर घेतला होता. विधानातला शब्द जसाच्या तसा उताऱ्यात दिसला नाही की मी ‘नॉट गिव्हन’ ठोकत होते. नऊपैकी सहा ठिकाणी तेच लिहिलेलं. ही परीक्षा मुळात शब्द बदलूनच विचारते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा सापडला तर उलट सावध व्हायचं, तो बहुतेक वेळा गळाला लावलेला दाणा असतो. दहावीची माझी सगळी कमाई इथे उलटी फिरली होती. यावर सुचलेला उपायही गावाकडचाच. आमच्याकडे कोणी ‘सोसायटी’ म्हणतं, कोणी ‘विकास’ म्हणतं, पाटीवर ‘विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था’ असं लिहिलेलं असतं. तिन्ही एकच. पण ‘बँक’ म्हटलं की ती वेगळी. नुसतं नाव बदललंय, की माणूसच बदललाय, हे दर वेळी थांबून बघायला लागले. वहीला तिसरा रकाना आला: ‘दुसऱ्या शब्दांत तेच, की दुसरंच?’

माझी रूममेट एमपीएससीची. सदाशिव पेठेत आम्ही चौघी कॉट बेसिसवर राहायचो आणि दिवसभर एकाच अभ्यासिकेत बसायचो. तिच्या पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरातही उतारे असतात, दोन तासांत ८० प्रश्न, आणि चुकलं की गुण कापतात. माझ्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला काही कापत नाहीत हे ऐकून ती खरोखर चिडली. “म्हणजे काहीही ठोकायचं? आणि फी किती म्हणालीस?” फी १७ हजारांच्या घरात होती. ती गप्प झाली. पण तिने सांगितलेली एक गोष्ट क्लासच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा उपयोगी पडली. ती म्हणाली, “तू इंग्रजीला घाबरतेस, पण तुझं मराठीतलं वाचन तरी नीट आहे का ते बघ ना.”

मला रागच आला. मराठी? मराठी तर माझी आई.

तरीही करून बघितलं. अभ्यासिकेत ‘ॲग्रोवन’ हा शेतीचा पेपर यायचा. त्यातल्या लेखाचा मथळा आणि उपमथळे कागदाने झाकायचे, परिच्छेद वाचायचा, आपण मथळा द्यायचा, मग कागद काढायचा. आयईएलटीएसमध्ये प्रत्येक परिच्छेदाला दिलेल्या यादीतून मथळा निवडायचा प्रश्न असतो आणि त्यात माझे सातपैकी तीन यायचे. मराठीत केलं तर आठपैकी चार जुळले. म्हणजे दुखणं इंग्रजीचं नव्हतंच! एका परिच्छेदात ठिबकवर सांगितलं होतं, की पाणी वाचतं हे सगळ्यांना कळतं पण गाळणी वेळेवर साफ न केल्याने संच बंद पडतात, आणि पुढे एका शेतकऱ्याच्या डाळिंबाच्या बागेचं उदाहरण होतं. मी मथळा दिला, ‘डाळिंबासाठी ठिबक’. छापलेला होता देखभालीवर. मी उदाहरणाला धरून बसले होते आणि मुद्दा हातून सुटला होता. डाळिंब लक्षात राहिलं कारण आमच्याकडे डाळिंब आहे. परत तेच, माझ्या मनचं उताऱ्यात घालणं.

त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी दोन लेख मराठीत, मग एक उतारा इंग्रजीत. परिच्छेदाशेजारी समासात तीन-चार शब्द मराठीतच लिहायचे, तो परिच्छेद काय सांगतो ते नाही, काय करतो ते: ‘जुनं मत खोडतो’, ‘कारण देतो’, ‘पण म्हणतो’. क्लासमध्ये मराठीतून विचार करू नका, वेळ जातो, असं सारखं बजावायचे. वाक्यागणिक भाषांतर केलं तर वेळ जातोच, हे मला कबूल आहे; माझी पहिली महिनाभराची सगळी बोंब तीच होती. पण समासातल्या त्या तीन शब्दांनी वेळ वाचला. पुन्हा वर शोधायला जावं लागेना. आणि पहिली-शेवटची ओळ बघायची युक्ती निम्मी तरी फोल निघाली. परिच्छेदाचा जीव बऱ्याचदा मधल्या ‘हाउएव्हर’नंतर असतो.

वेळेचं गणित मात्र शेवटपर्यंत नीट बसलं नाही. तीन उतारे, वीस-वीस मिनिटं, हे कागदावर ठीक. तिसरा उतारा अवघड असतो म्हणून मी पंधरा, वीस, पंचवीस असं ठरवलं होतं. पण उतारा आवडला की मी त्यात रमायचे. एकदा समुद्री कासवांवरच्या पहिल्याच उताऱ्यात २६ मिनिटं गेली, नंतर तिसऱ्याचे फक्त चार प्रश्न झाले. रूममेट मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून समोर बसायची आणि गजर झाला की पुस्तकाचं पान स्वतःच्या हाताने उलटायची. एक प्रश्न राहिला असला तरी. त्याचा मला फार राग यायचा आणि त्यानेच ती सवय सुटली.

किरकोळीतही गुण जायचे. गाळलेल्या जागा भरताना ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असते. मी पुढे ‘द’ लावून तीन शब्द केले, उत्तर बरोबर असून गेलं. एकदा अनेकवचनाचा ‘एस’ राहिला. ‘ट्रू-फॉल्स’चे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात, म्हणजे चौथ्याचं उत्तर तिसऱ्याच्या वर शोधायची गरज नसते, हे मला दोन महिन्यांनी कळलं. कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

गुण २८ झाले, २६ झाले, ३० झाले. तीसच्या दिवशी मी परीक्षेची तारीख घेतली. कॉम्प्युटरवरची घेतली, कारण निकाल लवकर येतो. पण मग लक्षात आलं की माझी सगळी तयारी पेन्सिलची आहे. पडद्यावर उतारा डावीकडे आणि प्रश्न उजवीकडे, दोन्ही वेगवेगळे सरकवायचे, आणि समास नाहीच! शेवटचे दहा दिवस मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला आणि त्यावर शब्द निवडून रंगवायची सवय केली.

परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट सोडून सगळं बाहेर ठेवावं लागलं, मनगटावरचं घड्याळसुद्धा. फोटो, बोटाचा ठसा. आधी ऐकणं, लगेच वाचन, लगेच लेखन, मधे सुट्टी नाही. उतारे कशावर होते ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणून सांगत नाही. एवढंच सांगते की शेतीवर एकही नव्हता आणि मला त्याचं बरं वाटलं. दुसऱ्या उताऱ्यात एका विधानावर पूर्ण दोन मिनिटं अडकले. खरं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, कुठेतरी वाचलेलं होतं. अण्णांचं ‘इतर हक्क’वरचं बोट डोळ्यांपुढे आलं. ‘नॉट गिव्हन’ केलं आणि पुढे गेले. शेवटी तीन प्रश्न उरले आणि एक मिनिट. ती तीन सरळ ठोकली.

चौथ्या दिवशी निकाल आला. ऐकण्यात सात, वाचनात साडेसहा, लेखनात सहा, बोलण्यात साडेसहा. एकूण साडेसहा, काठावर. वाचनाचे ४० पैकी नेमके किती पडले ते त्या कागदावर देत नाहीत, फक्त बँड देतात. त्या दोन मिनिटांच्या विधानाचं काय झालं हे मला कधीच कळणार नाही. ठोकलेल्या तिघांचंही.

गावी गेले तेव्हा अण्णांना कागदाची प्रत दाखवली. त्यांनी चष्मा लावला, कागद जवळ नेला आणि सातबारा वाचतात तसा वरून खाली, रकान्यारकान्याने बघितला. इंग्रजी अक्षरं त्यांना लागतात, सावकाश. एका चौकटीपाशी थांबले.

“ह्ये ‘बी-टू’ काय? भोगवटादार वर्ग दोन का?”

“नाही अण्णा, ती भाषेची पातळी आहे. युरोपातली.”

“मंजी इकायला परवानगी लागत न्हाय.”

“नाही लागत.”

ते हसले नाहीत. कागद उलटा करून मागची बाजू बघितली, परत सुलटा केला.

“तुला तिथं घेतलं आसं कुटं लिव्हलंय ह्यात?”

“नाही लिहिलेलं. तो अर्ज अजून जायचाय.”

“मंग ठीव नीट,” म्हणून त्यांनी तो बेबाकीच्या दाखल्याबरोबर त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी तुळईच्या खुंटीला अडकवली.